पानावरून आंबा ओळखताना



झाड त्याच्या फळावरून ओळखावे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण आंब्याचे कलम लावणाऱ्या घराला ते फळ चार-पाच वर्षांनी दिसते. तोपर्यंत त्यांच्यासमोर असतात ती फक्त पाने. कलम खरे आहे का, जगले आहे का, आपण दिलेली मदत कारणी लागली का, हे सगळे आपण पानांकडे बघूनच ठरवतो. म्हणून या अंकात आंब्याच्या पानांचा पाठ घ्यायचे ठरवले आहे.

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी बत्तीस वर्षे गेली. विषय सवयीचा आहे. तरीही पहिले उदाहरण मला माझ्याच चुकीचे द्यावे लागत आहे.

एकाच गाडीतली कलमे

तीन वर्षांपूर्वी जून महिन्यात आपल्या फळबाग योजनेतून पुणे जिल्ह्यात दोन ठिकाणी केशर आंब्याची कलमे दिली. दोन्हीकडची कलमे एकाच रोपवाटिकेतली, एकाच गाडीतून आलेली. अर्धी उतरवली मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला, एका कातकरी वाडीवर. उरलेली गेली दौंड तालुक्यात, माळावर राहणाऱ्या फासेपारधी कुटुंबांकडे.

जिल्हा एकच, पण हवा किती वेगळी! ताम्हिणीच्या बाजूला काही वर्षी सहा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आपल्या पुणे शहरात साधारण सातशे. पूर्वेला दौंड, बारामतीकडे गेलो की जेमतेम पाचशे, आणि तोही भरवशाचा नाही.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी पाहणीला गेले. मुळशीत मन प्रसन्न झाले. झाडे कमरेच्या वर गेली होती, पाने लांब-रुंद, गर्द हिरवी. कोपऱ्यातली दोन झाडे तर खांद्याला लागत होती. त्यांचा मी फोटो काढला. तो याच पत्रिकेत छापून आला होता, काहींना आठवत असेल.

आठवड्याने दौंडला गेले. तिथली झाडे गुडघ्याएवढी, काही मांडीपर्यंत. पाने आखूड, जाड, कडक, मधल्या शिरेवर होडीसारखी दुमडलेली. मुळशीत पाहिलेल्या पानांशी त्यांचा काही संबंध असेल असे वाटेना. मी तिथल्या ताईंना विचारले, "ही आपलीच कलमे ना?"

"तुम्ही दिली तीच हायेत बाई," त्या म्हणाल्या. "घागरीनं पाणी घालून जगवली."

मी वहीत लिहिले : कलमे बदलल्याची शंका. खात्री करावी.

खात्री करायला मी गेले नाही. पुण्यात बैठक झाली, माझी वही वाचली गेली आणि त्या कुटुंबाच्या ठिबकचा हप्ता 'पुढील पाहणीपर्यंत' थांबला. पुढची पाहणी झाली वर्षाने. मधला उन्हाळा त्यांनी घागरींवर काढला. त्यांची चार कलमे वाळली.

पानात काय काय पाहायचे

आता पाठाकडे वळू. आंब्याचे पान साधे असते, म्हणजे एका देठावर एकच पाते. पाने फांदीवर एकाआड एक, गोलाकार फिरत येतात आणि फांदीच्या टोकाशी दाटीने दिसतात. देठाचा फांदीकडचा भाग थोडा फुगीर असतो. पात्याची लांबी साधारण १० सेंटिमीटरपासून ३० सेंटिमीटरच्या पुढेपर्यंत काहीही असू शकते. म्हणूनच नुसत्या लांबीवरून जात सांगणे धोक्याचे आहे.

जाती ओळखणारे लोक एका खुणेवर थांबत नाहीत. ते अनेक खुणा एकत्र पाहतात. पाते भाल्याच्या टोकासारखे निमुळते आहे की मध्ये फुगलेले? टोक एकदम संपते की शेपटीसारखे लांबते? देठाकडची बाजू गोलसर की चिंचोळी? कडा सपाट की लाटांसारखी? शिरा उठून दिसतात की दबलेल्या? पान सपाट राहते, वर दुमडते की खाली वळते?

मग नव्या पालवीचा रंग. आंब्याला वर्षातून दोन-तीनदा पालवी फुटते. ती कोवळी असताना लुळी लोंबते आणि जातीप्रमाणे तांबूस, तपकिरी, लालसर किंवा फिकट पोपटी दिसते. हा तांबूसपणा अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. हरितद्रव्य पुरेसे तयार होईपर्यंत कोवळ्या पानाला ते कडक उन्हापासून जपते असे मानतात. काही आठवड्यांत पान ताठ होते, हिरवे होते आणि ही खूण पुसली जाते.

शेवटची खूण वास. पान चुरगळून नाकाशी धरा. कैरीच्या चिकाची आठवण करून देणारा तो वास पानातल्या तैलद्रव्यांचा असतो. त्यांचे मिश्रण जातीजातीत वेगळे असते, म्हणून सरावलेले नाक दोन आंब्यांची पाने डोळे मिटून वेगळी करते. आंब्याच्या जातीचे शास्त्रीय वर्णन लिहिताना पानाच्या आकाराबरोबर पानाचा वासही नोंदवतात.

हवामान पानाला कसे घडवते

पान हे झाडाचे स्वयंपाकघर आहे. ऊन, हवा आणि पाणी वापरून तिथे अन्न तयार होते. हवा आत घ्यायची तर पानाच्या पाठीवरची सूक्ष्म रंध्रे उघडावी लागतात. रंध्रे उघडली की पाणी वाफ होऊन बाहेर जाते. पाणी मुबलक असेल तर ही वाफ उपयोगाची, कारण तिच्यामुळे पान थंड राहते. पाणी कमी असेल तर रंध्रे मिटतात आणि पान तापू लागते.

इथे आकाराचा संबंध येतो. प्रत्येक पानालगत स्थिर हवेचा एक पातळ थर असतो. पान जितके मोठे तितका हा थर जाड आणि पानातली उष्णता बाहेर पडणे तितके अवघड. लहान, अरुंद पान वाऱ्याच्या झुळकेने चटकन निवते. जगभरातल्या सात हजारांहून अधिक वनस्पतींच्या पानांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसाची होरपळ आणि रात्रीचा गारठा या दोन्ही गोष्टी पानाच्या आकाराला मर्यादा घालतात, असे त्यात दिसले. मोठे पान निरभ्र, थंड रात्री लवकर गारठते. दौंडच्या माळावर एप्रिलची दुपार आणि डिसेंबरची पहाट अनुभवली असेल तर आंब्याने तिथे पाने आखूड का ठेवली हे सांगावे लागणार नाही.

जाडीचेही तसेच. लख्ख उन्हात वाढलेल्या पानात पेशींचे थर दाट बसतात आणि वरचे मेणासारखे आवरण जाड होते. पान दुमडून होडीसारखे झाले की दुपारचे ऊन तिरपे पडते, ताप कमी होतो. मुळशीत चार महिने ढग. तिथे प्रकाश कमी आणि पाणी भरपूर, म्हणून पान पातळ, रुंद पसरते. जितके पसरेल तितका प्रकाश हाती लागतो.

हे एका झाडावरही दिसते. अंगणातल्या आंब्याचे शेंड्याकडचे उन्हातले पान आणि आतल्या सावलीतले पान शेजारी ठेवून पाहा. झाड एक, जात एक, पाने दोन तऱ्हांची.

जात की जागा?

म्हणजे पानातला फरक दोन कारणांनी येतो. एक जातीमुळे, म्हणजे आईकडून आलेला. दुसरा जागेमुळे, म्हणजे हवा-मातीने घडवलेला. डोळ्यांना दोन्ही एकत्र दिसतात. ते वेगळे कसे करायचे?

कॅलिफोर्नियात क्लाउझेन, केक आणि हायसी या तीन शास्त्रज्ञांनी त्यासाठी एक सोपी युक्ती वापरली. त्यांनी एकाच रोपाचे तुकडे केले आणि ते समुद्राजवळच्या, डोंगराच्या मधल्या उंचीवरच्या आणि हिमाच्या पट्ट्याजवळच्या बागांत लावले. रोप एकच असल्यामुळे तिन्ही बागांत दिसलेला फरक जागेचा. आणि वेगवेगळ्या गावांची रोपे एकाच बागेत आणून लावल्यावरही जो फरक टिकला, तो वंशाचा. हे काम १९४० मध्ये प्रसिद्ध झाले आणि आजही शिकवले जाते. मीही ते वर्षानुवर्षे शिकवले.

आंब्यात हा प्रयोग आपोआप होत असतो, कारण कलम म्हणजे त्याच झाडाचा तुकडा. केशरचेच पाहा. हा गिरनारच्या पायथ्याचा आंबा. १९३४ मध्ये जुनागढच्या नवाबांनी त्याचा केशरी गर पाहून त्याला हे नाव दिले असे सांगतात. तिथून तो कलमांच्या रूपाने मराठवाड्यात आणि आपल्या देशावर आला व कोरड्या हवेत रुळला. हापूस मात्र कोकणच्या दमट हवेत खुलतो. २०१८ मध्ये त्याला मिळालेले भौगोलिक मानांकनही रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरतेच आहे. जात चांगली असणे पुरत नाही, तिला जागा मानवावी लागते.

पुण्यातून गेलेल्या कलमांची एक गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात जी. मार्शल वुड्रो हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्यामार्फत १८८९ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने आंब्याची कलमे फ्लोरिडाला नेली. १८९४-९५ च्या हिवाळ्यात तिथे कडाक्याची थंडी पडली आणि बहुतेक झाडे मेली. मुलगोबाचे एक झाड वाचले. त्याच्या फळांच्या कोयी कॅप्टन हेडन यांनी १९०२ मध्ये लावल्या आणि त्यांतून पुढे 'हेडन' ही नवी जात निघाली. यात दोन धडे आहेत. कलम कुठेही नेले तरी जात तीच राहते, फक्त तिला तिथल्या हवेशी झगडावे लागते. कोय लावली तर मात्र झाड आईसारखे निघेलच असे नाही. आपल्याकडे कोयीपासून आलेल्या आंब्याला रायवळ म्हणतात ते यामुळेच.

दुसऱ्या प्रकारचा प्रयोग, म्हणजे एकाच बागेत अनेक जाती, पाहायला पुणेकरांना लांब जायला नको. गणेशखिंड उद्यान १८७३ पासून आहे आणि २०२० मध्ये शासनाने त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. तिथे जुनी आंब्याची झाडे एकाच मातीत, एकाच पावसात उभी आहेत. त्यांच्या पानांत जो फरक दिसतो त्याचे श्रेय हवेला देता येत नाही. तो जातींचाच.

हे सगळे मला माहीत होते. तरीही दौंडच्या माळावर मी जागेचा फरक पाहिला आणि त्याचा दोष माणसांवर टाकला.

आजींनी पान चुरगळले

गेल्या नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा मुळशीला गेले. फोटोतली ती दोन झाडे आता माझ्या डोक्याच्या वर गेली होती. मी कौतुक करत होते तेवढ्यात वाडीतल्या एका आजींनी पान तोडले, चुरगळले, हुंगले आणि मान हलवली.

"ह्यो तुमचा न्हाय. ह्यो कोयीचा."

त्या खाली वाकल्या आणि बुंध्याजवळचे गवत बाजूला केले. तिथे बोटभर लांबीचे वाळके खोड होते. आमचे कलम ते. पहिल्याच पावसात कुजले असावे किंवा शेळीने खाल्ले असावे. त्याच्या जोडाच्या खालून, खुंटातून, दोन फुटी निघून वर गेल्या होत्या. कलमात वरची काडी हव्या त्या जातीची असते आणि खालचा खुंट कोयीपासून वाढवलेला रायवळ. वरची काडी मेली की खुंट स्वतःचे झाड करतो. ते जोमदार असते, पानेही भरघोस. मी ज्यांचा फोटो आपल्याला अभिमानाने दाखवला ती दोन्ही झाडे केशर नव्हतीच.

मी आजींना विचारले की इतकी वर्षे बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या, "इचारलं कुनी?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. भरघोस पानांनी इथे फसवले, मग बारीक पानांनी तिकडे काय केले असेल? सकाळी त्याच वाडीतल्या खऱ्या कलमांची पाने वर्तमानपत्रात दाबून घेतली आणि दौंड गाठले.

तिथे या वेळी आधी खाली वाकले. प्रत्येक जिवंत झाडावर कलमाचा जोड स्पष्ट दिसत होता आणि सगळ्या फांद्या जोडाच्या वर होत्या. मग पाने शेजारी ठेवली. मुळशीचे पान कितीतरी लांब आणि दौंडचे आखूड, पण लांबीला रुंदीने भागले तर उत्तर जवळपास तेच. टोक तसेच, कडेची लाट तशीच, देठाकडची बाजू तशीच. दोन्ही चुरगळून हुंगली. वास एक. नवी पालवी फुटली होती, तिचा रंगही मुळशीत आदल्या दिवशी पाहिला तोच.

कलमे तीच होती. घागरीने पाणी घालून जगवलेली.

मी ताईंची माफी मागितली आणि वहीत काय लिहिले होते तेही सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्याकडं काय बी झालं तर पयलं आमच्यावरच बोट येतंय. तुमच्या वहीत बी तेच आलं."

फासेपारधी समाजाला इंग्रज सरकारच्या गुन्हेगार जमाती कायद्याने, जो पहिल्यांदा १८७१ मध्ये झाला, जन्मतःच संशयित ठरवले होते. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो रद्द झाला. कायदा गेला, पण त्याची सवय शिकलेल्या लोकांच्याही वहीत उरली आहे. मुळशीतल्या पानांबद्दल मला प्रश्न पडला नव्हता. पडायला हवा होता तिथे पडला नाही आणि नको होता तिथे पडला. याचे कारण वनस्पतिशास्त्रात सापडणार नाही.

वाडीवर जाताना

आपल्यापैकी बरेच जण वर्षातून एकदा फळबागा पाहायला येता. त्यांच्यासाठी थोडक्यात :

पहिले, झाडाच्या उंचीकडे आणि पानांच्या आकाराकडे नंतर पाहा. आधी वाकून कलमाचा जोड शोधा. जोडाखालून निघालेली फूट दिसली तर घरच्यांना दाखवून ती लहान असतानाच काढायला सांगा.

दुसरे, तुलना सारख्या पानांची करा. उन्हाच्या बाजूची, चार ते सहा महिन्यांची पूर्ण वाढलेली, फुटीच्या मधल्या भागातली पाने घ्या. एका पानावर निर्णय नको, निदान दहा घ्या.

तिसरे, पान लहान आहे यापेक्षा त्याचा घाट, कडा आणि वास काय सांगतो ते पाहा. आकार जागेप्रमाणे फार बदलतो, घाट सहसा तितका बदलत नाही.

चौथे, पान सुकलेले, करपलेले किंवा पिवळे असेल तर ती जात नव्हे, ती तक्रार आहे. पाणी, खत, कीड याची चौकशी करा.

पाचवे, आणि सर्वांत आधीचे : तिथे राहणाऱ्यांना विचारा. त्या आजींनी कधी वर्ग पाहिला नाही. पण रानातल्या प्रत्येक आंब्याचे पान त्यांच्या नाकाला ठाऊक आहे.

मुळशीतली ती दोन झाडे आम्ही तोडली नाहीत. जमिनीत घट्ट रुजलेल्या अशा खुंटावर जागच्या जागी नवे कलम बांधता येते. एकावर ते पुढच्या हंगामात बांधू. दुसरे आजींनी तसेच ठेवायला सांगितले आहे. रायवळ कैरी लोणच्याला चांगली, आणि सावली तर आत्ताच पडते. कोयीच्या झाडातूनच कधी एखादी नवी चांगली जात निघते हे हेडनने दाखवलेच आहे. आपल्या देशात २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यांनी जपलेल्या वाणांचीही नोंदणी होऊ शकते. तेव्हा रायवळाकडे अगदीच कमी लेखून पाहू नये.

दौंडचे ठिबक डिसेंबरमध्ये बसले. वाळलेल्या चार कलमांच्या जागी येत्या जूनमध्ये नवी कलमे लागतील. त्यांचा खर्च मी देत आहे, तो आपल्या देणगीतून धरलेला नाही. बैठकीत आता एक नियम झाला आहे : पाहणीच्या वहीत शंका लिहिली तर तिची शहानिशा महिन्याच्या आत, आणि तोपर्यंत कुणाची मदत थांबणार नाही.

पुढच्या पाहणीला ताई माझ्याबरोबर मुळशीला येणार आहेत. आजींना त्यांच्या माळावरची पाने हुंगायची आहेत.

आपली,
पुण्याची एक निवृत्त शिक्षिका